पॉलिमर फिजिक्स घेऊन पुढे काय? देवगडच्या मुलीच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. देवगडची मुलगी, रत्नागिरीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय फिजिक्स. एका व्याख्यानात पॉलिमर फिजिक्सबद्दल, म्हणजे प्लॅस्टिक, रबर, नायलॉन यांच्या लांब साखळीसारख्या रेणूंच्या भौतिकशास्त्राबद्दल ऐकलं आणि ते डोक्यातून जाईना. घरचे म्हणतात, प्लॅस्टिकच शिकायचं होतं तर इंजिनिअरिंगला का नाही गेलीस, आणि अजून किती वर्षं शिकणार? तिला विचारायचंय, या क्षेत्रातल्या माणसाचं आयुष्य नक्की कसं असतं, पोट भरतं का, आणि शेवटी कोकणात परतता येतं का.

मी मालवणची. वडील आधी रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर होते, नंतर स्वतःची लहान होडी घेतली. या विषयात मी बत्तीस वर्षं काढली: पीएच.डी., दोन वर्षं परदेशात, आठ वर्षं प्लॅस्टिक फिल्मच्या कारखान्यात आणि बाकीची पुण्यात संशोधनात. गेल्या वर्षी निवृत्त झाले. माझी भाची तुझ्याच वयाची आहे, म्हणून तुला अरे-तुरे करते आहे.

तू तीन प्रश्न विचारलेस, पण मला त्यांच्या मुळाशी एकच दिसतो. पंचविशीपासून तिशीपर्यंतची वर्षं फेलोशिपवर काढायची, तर त्या बदल्यात हाती येणारं काम मला मनापासून आवडेल का? यातला पैशांचा भाग तुझ्या घरावर अवलंबून आहे. कर्ज आहे का, धाकटी भावंडं शिकताहेत का, आंब्याचं एक वर्ष फुकट गेलं तर घर तगतं का, हे तुलाच माहीत. काम कसं असतं ते मात्र मी सांगू शकते, आणि त्यावरच जास्त लिहिते.

आधी घरच्यांचा प्लॅस्टिकचा मुद्दा. घरात जाडसा रबरबँड असेल तर घे. ओठाला टेकवून झटकन ताण. कोमट लागेल. तसाच ताणून पाच-दहा सेकंद धर, मग एकदम सैल सोड आणि लगेच पुन्हा ओठाला लाव. गार लागेल. जॉन गॉफ नावाच्या इंग्रज माणसानं हे १८०५ साली लिहून ठेवलं. त्याची दृष्टी लहानपणीच गेली होती, ओठांच्या स्पर्शावरून त्याला ते कळलं. पुढे जेम्स जूल या शास्त्रज्ञानं १८५९ मध्ये ते नीट मोजलं. आणखी एक करून बघ. रबराला वजन टांग आणि त्याला गरम वाफ दाखव. लोखंडी तार असती तर लांबली असती, रबर आखडतं आणि वजन वर उचललं जातं.

कारण असं. पॉलिमर म्हणजे लांबच लांब साखळी. पॉलिथिनची एक मध्यम साखळी धर, रेणुभार एक लाख. तिच्यात सात हजारांवर कार्बन एकापुढे एक असतात. पूर्ण ताणली तर लांबी जवळजवळ एक मायक्रॉन, म्हणजे हजार नॅनोमीटर भरेल. मोकळी सोडली की ती गोळा होऊन पस्तीसेक नॅनोमीटरमध्ये मावते, म्हणजे पंचवीस पटींनी आखूड होते. तिला कुणी आत ओढत नसतं. सरळ राहण्याची रीत एकच आणि वेडंवाकडं राहण्याच्या रीती अगणित, म्हणून ती वेडीवाकडी राहते. तापमान वाढलं की वेडंवाकडं होण्याची ही ओढ वाढते आणि रबर आखडतं.

दोडामार्गाकडच्या रबराच्या बागा तू पाहिल्या असशील. पहाटे झाडाला चीर देतात आणि करवंटीत चीक ठिबकत राहतो. त्या चिकातली साखळी झाडानं बनवली, नागोठण्याच्या कारखान्यातली पॉलिथिनची साखळी माणसानं. रसायन वेगळं, पण गोळा होणं, गुंतणं, ताणल्यावर परत येणं हे दोन्हींत एकाच हिशेबानं चालतं. हा हिशेब मांडणं म्हणजे पॉलिमर फिजिक्स. घरी हे सांगताना रबरबँड हातात घेऊनच सांग.

आता इंजिनिअरिंग का नाही. माझा स्वतःचा अनुभव सांगते. कारखान्यात एकदा पॉलिथिनच्या दाण्यांचे दोन लॉट आले. दोन्हींचा एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स, वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा) सारखाच. ही चाचणी साधी असते: १९० अंशाला दाणे वितळवायचे, वर २.१६ किलोचं वजन ठेवायचं आणि बारीक भोकातून दहा मिनिटांत किती ग्रॅम बाहेर येतं ते मोजायचं. फिल्म काढताना वितळलेलं पॉलिथिन मशीनवर फुग्यासारखं फुगवतात. एका लॉटचा फुगा मशीनवर उभा राहायचा आणि फिल्म एकसारखी निघायची. दुसऱ्याचा फुगा डोलायचा, मधेच फाटायचा. दोन दिवस माणसं मशीनच्या सेटिंगशी झगडत होती. खरं म्हणजे भोकातून वाहणं आणि फुग्यासारखं ताणलं जाणं ही दोन वेगळी वागणी आहेत. साखळीला लांब फांद्या असतील तर ताणताना ती ताठ होत जाते आणि फुगा सावरते. एमएफआयच्या एका आकड्यात हे दिसत नाही. आम्ही दोन्ही लॉट ताणून मोजले आणि फांद्यांचा फरक समोर आला. उपाय इंजिनिअरांनीच काढला, फांद्यावाले दाणे थोडे मिसळून. आम्ही दोघं एकाच टेबलाशी बसलो होतो. त्यांना मशीन चालू करायचं होतं, मला ते का बंद पडलं ते कळून घ्यायचं होतं. तुझी ओढ यातल्या कुठल्या बाजूला आहे, ते बघ.

आणि ही दारं एकमेकांना बंद नसतात. डॉ. रघुनाथ माशेलकर आपल्याच किनाऱ्यावरचे, गोव्यातल्या माशेलचे. ते केमिकल इंजिनिअर. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून (यूडीसीटी, आजची आयसीटी) १९६९ मध्ये पीएच.डी. केली, सॅलफर्डला शिकवलं, १९७६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले आणि पॉलिमरच्या प्रवाहांवर, जेलवर मोलाचं काम केलं. उलट पिएर-जिल द जेन हा फ्रेंच माणूस शुद्ध भौतिकशास्त्राचा. चुंबकत्व, अतिवाहकता, लिक्विड क्रिस्टल असा फिरत फिरत तो पॉलिमरकडे आला आणि १९७१ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यानं गुंतलेल्या साखळ्या कशा हलतात याचं चित्र मांडलं. १९९१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. बी.एस्सी.त पॉलिमर शिकले नाही, याची काळजी अजिबात करू नकोस. स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स पक्कं कर, तेवढं पुरेल.

द जेनचं चित्र तुला लगेच पटेल. किनाऱ्यावर गुंतलेल्या दोऱ्यांचा ढीग पडलेला असतो. त्यातली एक दोरी आडवी खेचून निघत नाही, ती आपल्याच लांबीच्या दिशेनं सापासारखी सरकवत काढावी लागते. साखळ्याही तशाच सरकतात. या हिशेबानं साखळी दुप्पट लांब केली की वितळलेल्या द्रवाचा दाटपणा आठ पट व्हायला हवा. मोजल्यावर तो साडेदहा पटीच्या आसपास येतो. आठ आणि साडेदहा यांच्यातल्या या दरीवर लोकांनी पुढे बरीच वर्षं घालवली. साखळीची टोकं सतत आत-बाहेर होतात, शेजारच्या साखळ्याही जागच्या हलतात, असं करत उत्तर जुळत गेलं. माझी पीएच.डी. याच दरीच्या काठावरची होती, आणि तिथे घडलेली एक गोष्ट तुला सविस्तर सांगायची आहे. या कामाचा स्वभाव त्यातून कळेल.

ऱ्हिओमीटर नावाचं यंत्र असतं. पंचवीस मिलिमीटर व्यासाच्या दोन चकत्या, मधे एक मिलिमीटरची फट, फटीत वितळलेला नमुना. माझा नमुना पॉलीप्रॉपिलीनचा, तापमान २०० अंश. वरची चकती अगदी थोडी इकडून तिकडे डोलते आणि नमुना किती विरोध करतो ते यंत्र मोजतं. सुरुवात जलद डोलण्यानं, मग हळू, आणखी हळू. सगळ्यात हळू रीडिंगला एक हेलकावा साडेदहा मिनिटं घेतो. म्हणजे सगळ्यात महत्त्वाचे आकडे शेवटी येतात, आणि तोवर नमुना तासाहून जास्त वेळ तापलेला असतो.

माझे शेवटचे आकडे सतत अपेक्षेपेक्षा खाली यायचे. मला वाटलं, काहीतरी नवं सापडलं. त्यावर मी सिद्धांत रचला, गणित मांडलं, गाइडना दाखवलं. चौदा महिने गेले. मग एका संध्याकाळी यंत्र सांभाळणारे आमचे तंत्रज्ञ काका शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, सगळं झालं की पहिलं रीडिंग परत एकदा घ्या.” घेतलं. सकाळी आलेल्या आकड्याच्या तीस टक्के खाली आलं. नमुना मोजता मोजताच बदलत होता. नमुन्याभोवतीच्या भट्टीतून हवा बाहेर ठेवणारी नायट्रोजनची नळी मशीनच्या मागे चिरली होती, भट्टीत हवा शिरत होती आणि हवेतला ऑक्सिजन साखळ्या कापत होता. साखळी सरासरी दहा टक्क्यांनी आखूड झाली तर दाटपणा तीस टक्क्यांनी उतरतो, हे गणित मी स्वतः शंभरदा लिहिलं होतं. समोर तेच घडत होतं आणि मला ते दिसलं नव्हतं.

चौदा महिन्यांचं काम टाकून द्यावं लागलं. मी गणपतीला घरी गेले ती परत न जाण्याच्या विचारानं. विसर्जनानंतर दुपारी बाबा अंगणात जाळी आवरत होते. पोरांनी उन्हात टाकलेलं एक जाळं त्यांनी ओढून मांडवाखाली घेतलं आणि वर नारळाच्या चुडतांची झाप घातली. मी विचारलं, एवढी काय घाई? म्हणाले, “ऊन लागला काय तंगूस मरता.” तंगूस म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा एकेरी धागा. मी ते जाळं हातात घेतलं. वजन तेवढंच, रंग तोच, पण उन्हात राहिलेल्या कडेचा धागा बोटांना गुंडाळून ओढला तर कट्कन तुटला. सावलीतला तुटेना, बोट कापायला लागलं. ऊनही साखळ्याच कापत होतं. माझ्या भट्टीत उष्णता आणि ऑक्सिजन, इथे अतिनील किरण आणि ऑक्सिजन. धाग्यातला एक कणही कमी झालेला नसतो, फक्त साखळ्या आखूड झालेल्या असतात, आणि त्याबरोबर जोर जातो. बाबांना हे सुताच्या जाळ्यांनंतर नायलॉन आलं तेव्हापासून माहीत होतं. मला ते त्या दुपारी कळलं.

मी परत गेले. नळी बदलली, नमुन्यात अँटिऑक्सिडंट (ऑक्सिजनपासून साखळ्या वाचवणारं रसायन) घातलं आणि सगळं पहिल्यापासून मोजलं. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत पहिलं रीडिंग शेवटी परत घेतल्याशिवाय मी एकही आकडा वहीत पक्का केला नाही. विद्यार्थ्यांकडूनही तेच करून घेतलं.

तर आयुष्य असं असतं. बहुतेक दिवस वाट बघण्यात जातात. नायलॉन रात्रभर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये सुकवायचं, नाहीतर ते वितळवताना त्यातलं पाणी साखळी तोडतं. नमुना चकत्यांमध्ये भरल्यावर ताण उतरेपर्यंत थांबायचं. मुंबईत तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉनच्या प्रयोगाला ठरावीक दिवस मिळतात, मग त्या दिवसांत झोप विसरायची. त्यानंतर कित्येक आठवडे आकड्यांशी बसायचं आणि स्वतःच्याच निष्कर्षावर शंका घ्यायची. ज्याला ही शंका घेण्यात रस वाटतो, तो इथे टिकतो. हुशारी लागते, पण माझ्या पाहण्यात अतिशय हुशार मुलं तिसऱ्या वर्षी सोडून गेली आणि शांतपणे वही लिहिणारी मुलं पुढे गेली. घरचा आधारही लागतो. माझी मुलगी दोन वर्षांची होती तेव्हा आई मालवणचं घर बंद करून सहा महिने पुण्यात येऊन राहिली. ती आली नसती तर माझी नोकरी तिथेच संपली असती.

एक धीराची गोष्ट. पॉलिमर म्हणजे खरोखर एकसंध लांब साखळी असते, हे हरमान स्टाउडिंगरनं १९२० साली मांडलं तेव्हा मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनी ते मानलं नाही. लहान रेणूंचे पुंजके असावेत, असं ते म्हणत. स्टाउडिंगर मोजत राहिला. त्याला नोबेल मिळालं १९५३ मध्ये.

आता वाट आणि पैसा. बी.एस्सी.नंतर जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत किंवा चांगल्या विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्स. मग नेट किंवा गेट देऊन पीएच.डी. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर, मुंबईत आयआयटी आणि माटुंग्याची आयसीटी, ही जवळची ठिकाणं. अर्ज करताना संस्थेच्या नावापेक्षा गाइड बघ, आणि त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांशी बोलल्याशिवाय होकार देऊ नकोस. जेआरएफ, म्हणजे पीएच.डी. करताना मिळणारी सरकारी फेलोशिप, २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आहे, नंतर ४२,०००, वर घरभाडं. एकट्या माणसाचं यात नीट भागतं, घरी थोडं पाठवताही येतं. मात्र ही रक्कम दर महिन्याला वेळेवर येईल असं धरून चालू नकोस, तीन महिन्यांचा खर्च बाजूला असू दे. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं, पुढे पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनाची दोन-तीन. कायमच्या पगाराला तिशी उलटते. घराला त्याआधी पैसा हवा असेल तर एम.एस्सी. किंवा पीएच.डी.नंतर टायर, पॅकेजिंग, रंग, चिकटद्रव्यं या उद्योगांत जाता येतं. मी गेले होते. त्या आठ वर्षांत मी जेवढं शिकले तेवढं प्रयोगशाळेत शिकले नसते, त्यामुळे कारखान्यात जाणं म्हणजे हार, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

शेवटचा प्रश्न, परत कोकणात. यावर तुला खोटी आशा दाखवणार नाही. संशोधनाची पूर्णवेळ जागा आणि त्याला लागणारी यंत्रं मला तरी पुण्या-मुंबईतच मिळाली, आणि तुझी कामाची वर्षंही बहुधा तिकडेच जातील. रायगडात लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, नागोठणं आहे, लोट्याला रासायनिक वसाहत आहे, रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे. यातल्या कुठे तुझं जमेल ते तुझ्या शिक्षणावर आणि त्या वेळच्या जागांवर ठरेल. मी स्वतः निवृत्तीनंतरच परत आले.

पण प्रश्न इथे भरपूर पडलेले आहेत. नायलॉन समुद्राच्या पाण्यापेक्षा जड, म्हणून बुडतं. ट्रॉलरच्या जाळ्याचं एचडीपीई (पॉलिथिनचाच एक प्रकार) हलकं, तरंगतं. दोन्ही तुटून समुद्रात राहिली की त्यांचं पुढे वेगवेगळं काय होतं? कोरडं नायलॉन पन्नासेक अंशांपर्यंत ताठ असतं, पाणी प्यायलं की शून्याच्या खालीही नरम राहतं. मग दिवसा ऊन, रात्री पाणी असं आलटून पालटून झालं तर साखळ्या लवकर तुटतात की उशिरा? फायबरच्या होड्यांना पाण्याखाली फोड येतात, त्यांचं काय? यातल्या एकेका प्रश्नात एकेका मुलीची पीएच.डी. आहे, आणि इथे वाढलेलीला ते प्रश्न आपसूक दिसतात.

निर्णय घेण्याआधी एक काम कर. दिवाळीनंतर सुरू कर, मिरग लागायच्या आत संपव. ०.३ मिलिमीटरचा तंगूस घे, एकाच रिळाचा. मीटरभर लांबीचे तुकडे करून तीन जुड्या बांध, प्रत्येकीत साठ. एक पत्र्यावर पूर्ण उन्हात, एक घरात काळोखात, एक रोज रात्री खाऱ्या पाण्यात बुडवून दिवसा उन्हात. दर महिन्याला प्रत्येक जुडीतले दहा तुकडे तोडून बघ. तुकड्याला गाठ मारू नकोस, गाठीशीच तुटतो. दोन्ही टोकं गुळगुळीत गोल दांडक्यांना सात-आठ वेढे देऊन चिकटपट्टीनं धर, एक दांडकं वर टांग, दुसऱ्याला बादली अडकव. मापानं पाणी ओतत जा, एक लिटर म्हणजे एक किलो, बादलीचं वजन त्यात मिळव. नवा तंगूस पाच किलोच्या आसपास तुटेल. दहाचे दहा आकडे लिही, वाईट वाटणारा एकही खोडू नकोस. सुरुवातीलाच त्याच रिळाचे दहा नवे तुकडे तोडून आकडे लिहून ठेव, आणि आणखी दहा बंद डब्यात ठेवून दे, मे महिन्यात सगळं संपल्यावर तेही तोड. ते आकडे नोव्हेंबरच्या पहिल्या दहांशी जुळले तर वही मला पाठव.